मला पावलं

नणंदेच्या मुलीला डबिंग मी शिकवलं. परदेशी मालिकेतली बाई तोंड उघडते तेव्हा आपलं वाक्य सुरू व्हायला हवं आणि ती ओठ मिटते तेव्हा संपायला हवं, हे मी तिच्याकडून माझ्या घरी टीव्हीचा आवाज बंद करून घोटून घेतलं. आता संवाद ती लिहिते आणि मी ते माईकसमोर बोलते. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

पोरगी हुशार आहे, हे मी नाकारत नाही. दुखणं तेच आहे. त्यात तिला एक नाद. आपल्या भाषेत एका शब्दात न मावणारे परके शब्द ती गोळा करते आणि प्रत्येकातून जगण्याचा धडा काढते. परवा म्हणे स्वीडिश लोकांचा 'लागोम'. न कमी, न जास्त, पुरेसं. स्टुडिओतली सगळी मंडळी माना डोलवायला लागली. मी म्हटलं, आम्ही त्याला बेताचं म्हणतो आणि त्यावर कोणी माना डोलवत नाही. सगळ्यांत आधी तीच हसली. तिला माझा राग येत नाही, याचा मला फार राग येतो.

नव्या मालिकेतल्या आईचं काम मला मिळालं, तेही तिनं शब्द टाकला म्हणून. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या बटणभाऊंनी ही बातमी मला मुद्दाम दिली. अंगाचा तिळपापड झाला, पण काम सोडण्याइतका नाही. हल्ली मला खोकणाऱ्या आज्ज्यांशिवाय काही मिळत नव्हतं, आणि ही आई वर्षभर चालणार होती.

पहिल्याच भागात मुलीला मोठं पद मिळतं आणि आई तिला एक वाक्य म्हणते. त्यात हिब्रूतला एक शब्द होता, फिरगुन. दुसऱ्याचं भलं झालं म्हणून मनापासून वाटणारा आनंद, ज्यात असूयेचा कणही नाही. आपल्याकडे हा शब्द नाही कारण ही चीजच नाही, असं मी दिग्दर्शकबाईंना सांगून टाकलं. भाचीनं तिथे लिहिलं होतं, "तुला मिळालं, मला पावलं." मी सात जन्म बसले असते तरी मला हे सुचलं नसतं.

काचेच्या खोलीत मी ते पुन्हा पुन्हा म्हटलं. ओठ जुळत होते, वेळ जुळत होती. बटणभाऊ म्हणाले, ताई, शब्द आले, आई नाही आली. दिग्दर्शकबाईंनी दुसरी आवाजवाली बोलावून ठेवली होती. ती बाहेर गरम पाणी पीत बसली होती. अजून एक-दोनदा बघू, नाहीतर हिला घेऊ, असं बाईंनी मला सरळ सांगितलं.

मग भाचीचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. "मामी, काय अडतंय?"

"तू अडतेस," मी म्हटलं. काचेपलीकडे सगळे ऐकत होते. ऐकू देत. "जळते मी तुझ्यावर. तुझं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं."

बटणभाऊंनी मान खाली घातली. भाची जराही दचकली नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पहिलं काम मिळालं तेव्हा आईच्याही आधी तुला सांगायला धावत आले होते. तू 'बरं झालं' म्हणालीस आणि ओटा पुसत राहिलीस."

खरंच पुसत राहिले होते.

पडद्यावरची आई पुन्हा मुलीकडे वळली. ती तोंड कधी उघडते हे मला आता पाठ होतं. मी पडद्याऐवजी काचेपलीकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं. आनंद झाला होता असं नाही म्हणणार. जळत होतेच. तरी ते वाक्य या वेळी मी तिलाच म्हटलं, आणि शेवटी आवाज कापरा झाला.

बटणभाऊंनी अंगठा वर केला. बाईंनी मान हलवली. झालं म्हणाल्या, पुढचा सीन घ्या.

"अजून एकदा," भाची म्हणाली.

"अहो, ओके झालाय हा," बटणभाऊ म्हणाले.

"माहीत आहे." तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. "मामी, अजून एकदा म्हण."