वायर न लावलेली गाडी

श्वास मिशांवर गोठत होता, तरी चर्च सुटल्यावर कुणी घरी गेलं नाही. सगळी वस्ती चर्चच्या हॉलमागे जमली. तिथं गावोगाव हिंडून प्रार्थनेचं तेल विकणाऱ्या ब्रदर क्लेटनची डिझेल गाडी शनिवार संध्याकाळपासून बर्फात उभी होती. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानमध्ये हिवाळ्यात प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबते. रात्री ती विजेला जोडायची, तेव्हा कुठं सकाळी इंजिन चालू होतं. या गाडीला वायरच दिसत नव्हती.

"वायर कशाला हवी?" ब्रदर गरजले. "ज्यानं सूर्य पेटवला, त्याला तुमचं इंजिन जड आहे? टाकीत या तेलाचे चार थेंब टाका अन् निर्धास्त झोपा! मागे सरा, मागे. गाडीभोवती प्रार्थना बांधलीय!"

किल्ली फिरली. इंजिन एका झटक्यात घुरघुरलं. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

"एक बाटली इकडं द्या," ओस्तापकाका म्हणाले. नास्त्याकाकूंचं हृदय अधू. हॉस्पिटल शहरात, आणि यांचं शेतघर आडबाजूला. वेळेला गाडीनं दगा देऊ नये, एवढंच काकांना हवं होतं.

"वायर मात्र काढायची हं, काका. वायर लावली की श्रद्धा उणी झाली."

"काढली म्हणून समजा."

काकू हसल्या. "माझी औषधं मूठभर, अन् गाडीचं चार थेंबांत भागतंय! नशीबवान आहे मेली."

गुरुवारी पहाटे काकूंच्या छातीत कळ आली. वायर काढलेल्या काकांच्या डिझेल गाडीचं इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. काका बॅटरी मरेपर्यंत किल्ली फिरवत राहिले. शहरातून अ‍ॅम्ब्युलन्स पोचली, तेव्हा काकू कोट-बूट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. प्राण गेला होता.

रविवारी हॉलमागे ब्रदर गाडीसह पुन्हा हजर. "वाईट झालं. पण काका, मनात कुठंतरी शंका होती ना?"

काकांनी मान खाली घातली. "असेल. माझीच श्रद्धा कमी पडली."

ते ऐकून शाळेतल्या लॅरिसाबाई पुढे झाल्या आणि गाडीसमोर गुडघ्यांवर बसल्या. लोकांना वाटलं, प्रार्थनेला बसल्या. बाईंनी हातमोजा काढून गाडीच्या पोटाखाली हात घातला.

"ब्रदर, एवढ्या थंडीत इथला बर्फ कसा वितळला?"

"कृपेची ऊब ती! हात काढा, बाई!"

"कृपेला प्लग आहे वाटतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ओढलं. बर्फाखालून पिवळी वायर उसवत निघाली, ती थेट हॉलच्या भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत. गाडीची वायर तोंडातून न काढता पोटाखालून काढलेली होती. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच येई, आणि चालू झाली तरी जागची हलत नसे.

"डिझेलला ठिणगी नसते," बाईंनी सांगितलं. "दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं. लोखंड गारठलं, की ती उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. विजेनं इंजिनातलं पाणी कोमट राहतं, म्हणून गाडी चालू होते. तेलाचा काही संबंध नाही."

काकांनी हळूच विचारलं, "म्हणजे वायर लावली असती, तर...?"

"गाडी चालू झाली असती, काका. काकू वाचल्या असत्या का, ते मला नाही सांगता येणार."

काकांनी वाकून ती वायर हातात घेतली.

आमच्या चर्चचे बुधवार-शुक्रवारचे उपास मी मोडत नाही. रोज पहाटे संतांच्या मूर्तिचित्रापुढं दिवा लावते. तरीही सांगते, गुडघे टेकायची सवय आपल्याला आहेच. टेकाल तेव्हा जरा खालीही बघा. हात घाला, विचारा. त्यानं देव रागावत नाही. आणि घरात आजारी माणूस असेल, तर आज रात्री वायर लावा.