कोट आत घ्यायचाय

“माझी हरकत आहे,” मास्तर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले. “ह्या त्या बाई नव्हेत.”

मास्तर म्हणजे बाजारातले शिंपी. यंदा एका उमेदवाराने त्यांना मतदान केंद्रात आपला प्रतिनिधी म्हणून बसवलं होतं. कारकुनाने नाव मोठ्याने पुकारायचं, मास्तरांनी माणूस निरखायचा आणि दुसऱ्याच्या नावावर कोणी मत टाकायला आलं तर हरकत घ्यायची, एवढंच काम. पण छातीवर बिल्ला लागला आणि मास्तरांना शिंगं फुटली. दुपार झाली तरी एकही तोतया सापडेना, म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता. त्यात उमेदवाराचा माणूस दारातून सारखा आत डोकावत होता.

आता पुकारलं गेलं ते वाचनालयातल्या बाईंचं नाव. बाई मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक. गोल चेहऱ्याच्या, जाड वेणीच्या. समोर उभी होती ती गालफडं बसलेली, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली कोणी म्हातारी.

केंद्राध्यक्षांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग तिचा चेहरा, मग पुन्हा फोटो. दुसरा काही पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हता. तेव्हा ती मास्तरांकडे वळली.

“मास्तर, ओळखलं नाहीत का?”

मास्तरांची नजर तिच्या कोटावर गेली. करडा कोट. बाईंचा उजवा खांदा थोडा उतरता, तो दिसू नये म्हणून आतून जादा कापड घातलेलं, त्यांच्याच हातचं. कोट बाईंचाच होता आणि आत बाईच होत्या, निम्म्या उरलेल्या. आता नुसतं ‘चुकलं’ म्हणायचं होतं. पण दारातला माणूस बघत होता आणि मास्तर छातीवरचा बिल्ला नीट करत राहिले.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मग रुमालाची गाठ सोडली. डोक्यावर एकही केस नव्हता.

“आजारी आहे मी,” त्या केंद्राध्यक्षांना म्हणाल्या. “चेहरा गेला. नाव माझंच आहे.”

“त्याच आहेत,” मास्तर पुटपुटले. “हरकत मागे घेतो.”

बाईंनी मत दिलं आणि रुमाल हातातच धरून त्या निघून गेल्या. मास्तरांनी बिल्ला काढून खिशात टाकला. रुमाल सुटण्याआधीच आपण ओळखलं होतं आणि तरी गप्प बसलो, ह्याची त्यांना इतकी लाज वाटली की घरी बायकोलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाई दुकानात आल्या. कोट काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “आत घ्यायचाय. जुनी मापं नाही चालायची आता.”

“बाई, त्या दिवशी मी...”

“मापं घ्या, मास्तर.”

मास्तरांची रीत अशी, की टेप लावायची आणि आकडा ओरडून सांगायचा. बायको आत मशीनवर बसल्या बसल्या लिहून घेई. मास्तरांकडे गेलं की आपली कंबर साऱ्या गल्लीला कळते, अशी गिऱ्हाइकं थट्टा करत. आजही बाकावर दोघंतिघं खोळंबली होती. मास्तरांनी टेप बाईंच्या छातीभोवती आणली. ती फार लवकर भेटली.

“किती?” बायकोने आतून विचारलं.

टेपवर बोट तसंच धरून मास्तर आत गेले आणि वाकून बायकोच्या कानात त्यांनी आकडा सांगितला. मग बाहेर येऊन खांद्याचं माप घेतलं आणि पुन्हा आत गेले.