शिक्षा पुढच्या गुरुवारवर

ठाण्याच्या कोर्टात शिवाचं नाव पुकारलं, तेव्हा त्याची आई बायजा मनात देवाचं नाव घेत भिंतीला टेकून उभी होती. गुन्हा मागच्याच महिन्यात शाबीत झाला होता. वाशी गावच्या खारबांधावर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर, अडकलेली मासळी कुणाची या भांडणात शिवाने वल्हं मारून गावातल्याच जानूचा हात मोडला होता. आज शिक्षा सांगायची होती. पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याला तुरुंगात धाडायचं की चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं, हे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालावर ठरणार होतं.

न्यायाधीशांनी अहवाल चाळला. "घरच्यांनी माहिती देण्यास नकार दिला, असं लिहिलंय."



"नकार नव्हे, साहेब," शिवाचे वकील फजलसाहेब घाईने उठले. "अधिकारी घरी गेले ते सोमवारी. श्रावणातल्या सोमवारी आईचं दिवेलागणीपर्यंत मौन असतं. एक तारीख मिळावी."

सरकारी वकील हसले. "शिक्षेच्या वेळी प्रत्येकाच्या घरात एखादं व्रत निघतंच. मुलगा तुरुंगाच्या दारात, आणि बाई गप्प?"

"बाई, पुढे या," न्यायाधीश म्हणाले. "खरं आहे हे?"

"हो, सायेब. अकरा वर्सं पालते. नवरा गेला तवापासून." आवाज इतका बारीक, की कारकुनाने लिहिता लिहिता मान पुढे काढली.

न्यायाधीशांनी अहवाल मिटला. "शिक्षेचा हुकूम पुढच्या गुरुवारी. तोवर आरोपी कोठडीत. बाईंचं म्हणणं आजच लिहून घ्या."

शिपाई शिवाला बाहेर नेत होते. जाता जाता तो पुटपुटला, "आये, चांगला सांग गो. सगला तुज्यावर हाय."

व्हरांड्यातल्या बाकावर प्रोबेशन अधिकाऱ्याने फाइल मांडीवर घेतली. शाळा किती? चौथी. काम? मिठागरात. दारू? नाय, सायेब.

"याआधी कधी कुणावर हात उचलला होता?"

बायजाने पदर घट्ट ओढला.

"बाई, आज गुरुवार आहे," अधिकारी म्हणाला. "सोमवारीही मी हेच विचारलं. मौनात मान तरी हलवता येते ना?"

येत होती. पण तीन प्रश्नांना मान हलवली असती, तर चौथ्यालाही हलवावी लागली असती. म्हणून त्या दिवशी ती नुसती हात जोडून बसली होती. शंकराच्या आड लपली होती.

खांबाशी उभ्या फजलसाहेबांनी डोळ्यांनीच 'नाही' म्हणायला खुणावलं. पलीकडे, पोलिसांच्या गाडीत चढण्याआधी शिवा वळून पाहत होता.

"उचलला हुता," बायजा म्हणाली. "गेल्या शिमग्याला."

"कुणावर?"

"माज्यावर."

फजलसाहेबांनी तोंड फिरवलं. अधिकाऱ्याचा टाक थबकला.

"पन सायेब, दुसऱ्या दिशी त्यानंच मना पाठीवर घेऊन बेलापूरच्या दवाखान्यात नेली. सगल्या वाटंनं रडत हुता. ता पन लिवा."

"दोन्ही लिहितो."

टाक कागदावर करकरू लागला. बायजा वाकून पाहत राहिली. आधी कुठलं लिहिलं, ते तिला वाचता येत नव्हतं.