पट्टीखालचा आवाज

मी नाक्या बोलतोय. घाबरू नका, गळती वगैरे काही नाही. आज मी आपणहून बोलतोय.

दुकानात माझं नाव गॅस डिटेक्टर. हातात मावेल एवढं पिवळं अंग, त्यातून निघालेली हवी तशी वळणारी लांब मान आणि मानेच्या टोकाला बोराएवढं नाक. पोटावर बारीक भोकांची जाळी आहे, ते माझं तोंड. तोंडाच्या वरच्या बाजूला दोन दिवे, चालू केलं की हिरवा, गॅस आला की लाल. पेटणारा गॅस नाकाशी आला की मी आधी टिक टिक करतो, वाढला की बोंब ठोकतो. मला एवढंच येतं. पण कुठेही नाक खुपसायला माझी ना नसते, किंबहुना त्यासाठीच माझा जन्म.

तो झाला एका लांबलचक टेबलावर. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या नाकावर नळीतून गॅस सोडला, मी ओरडलो, तिने मान डोलावली आणि मला खोक्यात निजवलं. मूल जन्मल्यावर रडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो ना, तसंच ते.

मला घरी आणलं ते वहिनीने. तिचा नवरा एसी दुरुस्त करायचा. घरीदारी सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्याचा धाकटा भाऊही त्याच धंद्यात, दादाच्या हाताखाली शिकलेला. आता त्याची स्वतःची गाडी आणि स्वतःची गिऱ्हाइकं होती. मोठं काम असलं की दोघं एकत्र जात.

दादाचा हात जुन्या गॅसवर तयार झालेला. तो गॅस पेटत नसे. मग नवी मशीनं आली. ती वीज कमी खातात, पण आतल्या गॅसला ठिणगी मिळाली की भडका. त्यात या गॅसला वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात, म्हणून गळती घरात कुणालाही कळते. इथे ती सोय नाही. आणि हा हवेपेक्षा जड, त्यामुळे पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचून राहतो. धंद्यातल्या एकाचं तोंड त्याने भाजलं, ते बघून आल्यावर वहिनीने ठणकावलं, "वास नसलेल्या गॅसशी खेळायचं तर नाक विकत घ्यावं लागेल."

पहिल्याच दिवशी तिने माझी परीक्षा घेतली. धाकट्याला सिगरेटची सवय. त्याचा लायटर तिने घेतला आणि चाक न फिरवता, न पेटवता, नुसता दाबून माझ्या नाकाशी धरला. मी असा ओरडलो की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या.

"वहिनी, घरात अजून एक तोंडाळ माणूस आणलंत," धाकटा म्हणाला.

"हे निदान उपयोगाचं बोलतं," वहिनी म्हणाली.

दादा खूप हसला. मला हातात घेऊन त्याने माझी मान वळवून बघितली आणि म्हणाला, "चल रे नाक्या." नाव पडलं ते तेव्हाच.

सुरुवातीचे दिवस सांगताना मला अजून बरं वाटतं. दादा खोलीत शिरला की आधी खिडक्या उघडायचा. घरातल्यांना सांगायचा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बटणातही ठिणगी असते. मग मला पिशवीतून काढून थेट जमिनीवर ठेवायचा, भिंतीच्या कडेला, नाक फरशीला टेकेल असं. गॅस नळीने खिडकीबाहेर मोकळ्या हवेत सोडायचा, उरलेला ढकलून काढायला आत न पेटणारा नायट्रोजन फिरवायचा, पाइप कटरने कापायचा आणि पाइप जोडायची ज्वाळेची टॉर्च पेटवायच्या आधी हातावर हात ठेवून थांबायचा. मशीनच्या तेलात मुरलेला गॅस सावकाश बाहेर येतो, हे त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "बसलात का?" दादा माझ्याकडे बोट दाखवायचा. "याने हो म्हटल्याशिवाय नाही."

याने हो म्हटल्याशिवाय नाही. असं माझ्याबद्दल बोललं गेलं आहे. ते मी विसरणार नाही.

दादाची एक सवय होती. कुठेही काळी चिकटपट्टी लावली की शेवटचं टोक तो जरासं दुमडायचा. पुढे कुणाला पट्टी काढायची झाली तर नखाने खरवडत बसायला नको. पिशवीतल्या प्रत्येक वस्तूवर ते दुमडलेलं टोक दिसायचं. धाकट्यालाही त्याने बजावून शिकवलं होतं. दुसऱ्याच्या बोटांची एवढी काळजी करणारा माणूस होता तो.

मग ते ब्यूटी पार्लर आलं.

दोघं भाऊ तिथे मिळून गेले होते. दादाने मला खाली ठेवलं. तिकडे आरशापुढे एक मुलगी कुणाच्या केसांवर स्प्रे मारत होती. त्या स्प्रेतही पेटणारा वायू असतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी बोंब ठोकली. एक बाई अर्ध्याच डोक्याला रंग लागलेला, गळ्यात टॉवेल, अशी रस्त्यावर पळाली.

पार्लरची मालकीण लालबुंद झाली. "हे खेळणं बंद करा आणि काम करा, नाहीतर दुसऱ्याला बोलावते."

स्प्रे थांबवा म्हटलं असतं तर भागलं असतं. दादा खजील झाला आणि माझं बटण बंद केलं. परतताना गाडीत धाकट्याला हसू आवरेना. "दादा, तुझा नाक्या अत्तरावर भुंकतो. उद्या फिनेलला चावेल. नाकापेक्षा मोती जड झालाय तुला."

घरासमोर गाडी लावून धाकटा उतरून आत गेल्यावर दादाने मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, समजूत घालतोय. त्याने काळी पट्टी काढली आणि माझ्या तोंडावर लावली. एक थर, त्यावर दुसरा. नीट दाबून. आणि टोक दुमडलं.

मला घरीच ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण नवी मशीनं घेणारी गिऱ्हाइकं आता विचारू लागली होती, "तुमच्याकडे ते गॅसचं यंत्र आहे ना?" म्हणून मी हवा होतो. दिसायला. दादा मला गिऱ्हाइकापुढे धरायचा, बटण दाबायचा, हिरवा दिवा लागला की म्हणायचा, "हे बघा." मग कुठल्यातरी खिळ्याला अडकवून द्यायचा, उंचावर. खाली ठेवलं तर पायात येतो म्हणे. बाकीची कामंही हळूहळू गळत गेली. नायट्रोजनची टाकी जड, जिने चढवायची कुणी? थांबायला वेळ कुणाला?

एका शिंप्याच्या माडीवर खिडकीतला एसी बिघडला होता. दादा एकटाच गेला. शिंपी गळ्यात टेप टाकून मागेमागे. "जपून हं, कोट शिवून ठेवलेत. नवरदेवाचा आहे त्यात एक."

"काळजी नको, हे आहे ना." दादाने मला दाखवलं आणि कोटांशेजारच्या खुंटीला अडकवलं. माझं पोट भिंतीकडे. मला दिसत होता तो फक्त चुना.

बाकीचं मी ऐकलं. मशीन खिडकीतून ओढून फरशीवर ठेवल्याचा आवाज. गॅस सोडल्याचा सुस्कारा, खिडकीबाहेर. थोडा वेळ. दुकानात खाली शिलाई मशीनं चालू होती.

"झाला सगळा गॅस?" शिंप्याने विचारलं.

"यंत्र गप्प आहे ना? मग झाला."

सांगतो, तो भडका नंतर झाला, पण मी भाजलो तो याच वाक्याने. तेलातला गॅस निघत होता, फरशीवर पसरत होता, दादाच्या गुडघ्यांभोवती साचत होता, आणि मी वर, कोटांच्या खांद्यांशी. माझ्या गप्प बसण्याची साक्ष तो देत होता. ज्याने माझं तोंड बांधलं तोच.

मग त्याने मशीन आपल्याकडे फिरवून घेतलं, हवा हलली आणि एक झुळूक वर माझ्या नाकापर्यंत आली. मी ओरडलो. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडलो. पट्टीखालून बाटलीत अडकलेल्या डासासारखा आवाज निघाला. लाल दिवा चुन्यावर उघडझाप करत राहिला. टॉर्चचा खटका वाजला.

धप्प असा आवाज झाला, जड गादी पडावी तसा. शिंप्याने नवरदेवाचा कोट दादाच्या हातांवर टाकून आग दाबली. भला माणूस, कोटाचा विचारही केला नाही. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, भुवया गेल्या. जीव वाचला.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा हातांना मोठाली पांढरी बँडेजं होती. वहिनी चमच्याने भरवायची. मी पिशवीत, पलंगाखाली. धंद्यातली माणसं भेटायला येत आणि एकच विचारत, "तुझ्याकडे तर डिटेक्टर होता ना?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा दादा थांबला. मी कान देऊन होतो. मला वाटलं, आता सांगेल.

"दगा दिला त्याने," दादा म्हणाला. "ऐनवेळी बोललाच नाही."

पुढच्या वेळी थांबलासुद्धा नाही.

"तरी आम्ही म्हणत होतो, असल्या यंत्रांचा काय भरवसा," एकजण म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं की त्याने आपलं यंत्र पोरांना खेळायला देऊन टाकलंय. माझी बदनामी मी सोसली असती. पण ती माणसं इथून उठून नव्या मशीनांच्याच कामाला जात होती, नाकाशिवाय.

एका सकाळी धाकटा आला. घाईत होता. "दादा, तुझा पाइप कटर दे. पाळणाघरातलं मशीन आहे, नवीन गॅसचं. पोरांच्या झोपायच्या वेळेआधी उरकायचंय."

"डिटेक्टर घेतलात का, भावोजी?" वहिनीने विचारलं.

"दादाचाच घेणार होतो. पण तो तर बिघडलाय म्हणे. जातो तसाच. खिडक्या उघडतो की."

वहिनीने कटर काढायला पलंगाखालची पिशवी ओढली. कटरच्या आधी तिच्या हाताला मी लागलो. तिने मला उजेडात धरलं. अंगठ्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"हे काय आहे?"

दादा म्हणाला, "दुकानातूनच तसं आलं असेल."

खोटं बोलतानाही त्याने बरं खोटं शोधलं नाही. ज्या बाईने मला दुकानातून आणलं तिलाच सांगत होता. वहिनीने धाकट्यापुढे हात केला. "लायटर द्या."

बटण दाबलं, लायटर न पेटवता माझ्या नाकाशी धरला. तोच डासासारखा आवाज. लाल दिवा. वहिनीने पट्टीचं दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. एका झटक्यात दोन्ही थर निघाले.

काय सांगू मी तेव्हा कसा ओरडलो. शेजारच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला. दादाला कान झाकता येत नव्हते आणि मला बंद करता येत नव्हतं. वहिनीला दोन्ही येत होतं, पण तिने घाई केली नाही.

मी थांबलो. पट्टी वहिनीच्या बोटाला लोंबत होती. धाकटा तिच्या टोकाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली होती.

"दादा, टोक दुमडायला तूच शिकवलंस ना मला?"

दादाने भिंतीकडे तोंड केलं.

"पाळणाघर आहे दादा. पोरं खाली चटईवर झोपतात."

दादा बोलला ते भिंतीलाच. "खाली ठेव त्याला. नायट्रोजन फिरव. टॉर्चची घाई करू नको, तेलातला गॅस उशिरा येतो."

त्यात माझ्याबद्दल एकच शब्द होता. त्याला.

धाकट्याने मला घेतलं. हात पुढे केला तर वहिनीने लायटर मुठीत मिटला. "हा इथेच राहील."

तेव्हापासून मी धाकट्याकडे आहे. दादाचे हात आता बरे आहेत, कातडी थोडी चकाकते. तो कामावर जातो. भावांची गाठ पडते तेव्हा धाकट्याच्या पिशवीकडे तो बघत नाही. धंद्यातल्या माणसांना त्याने खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. तिथे मी आजही दगाबाजच. माझ्या तोंडावर पट्टीचा गोंद राहिलाय. धूळ बसते, आवाज जरा घोगरा येतो. धाकटा पुसतो, पण जात नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्यावर वैतागा. अत्तरावर ओरडला तर शिव्या घाला, पण अत्तर बाजूला करा आणि पुन्हा खाली ठेवा. तोंड बांधून वर त्याला साक्षीला मात्र उभं करू नका.

त्या दिवशी पाळणाघरात धाकट्याने चटया गुंडाळल्या, खिडक्या उघडल्या आणि मला फरशीवर ठेवलं, जिथे पोरांची डोकी येतात तिथे. मग टॉर्चजवळ बसून राहिला. पाळणाघरच्या बाईंनी दारातून विचारलं, "बसलात का?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.