छातीवरचा लाल ठिपका

आमच्या जावयाला, वर्डेलला, धीर म्हणून नाही. छऱ्यांच्या बंदुकीवर त्याने नवा लेझर बसवला आणि दिसेल तिथे लाल ठिपका टाकत सुटला. "आवाजावर नेम धरू नकोस," मी बजावलं होतं.

त्या सकाळी आम्ही शिकारीला गेलो होतो. नर जवळ यावा म्हणून ओकच्या झाडाला टेकून मी लाकडी डबी घासत टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज काढत होते. वर्डेल ओढ्यापलीकडे बसायचा ठरला होता. अचानक समोरचं झुडूप हललं आणि लाल ठिपका माझ्या छातीवर येऊन थांबला. हात हलवला असता तर त्याला पंख वाटले असते. न हलताच ओरडले, "वर्डेल, मी आहे!"

ठिपका विझला. वर्डेल झुडपातून बाहेर आला. "आई, आवाज अगदी खऱ्या टर्कीचा होता हो!"

"उद्यापासून डबी तू घासायचीस, आणि बंदूक मी धरणार."