दोन वेढे जायफळ

मी एक जुनी सहाण आहे. सहाण म्हणजे काय, असा प्रश्न पडला असेल तर लाजू नका, मित्रांनो, खुशाल विचारा. विचारणारी मुले मला आवडतात. न विचारता पुढे जाणाऱ्यांची मला भीती वाटते, आणि ती का वाटते तेच आज सांगणार आहे.

मी तळहाताहून जराशी मोठी, वाटोळी, काळ्या दगडाची. मधोमध किंचित खोलगट, एका बाजूला पाणी ओघळायला छोटीशी चोच आणि खाली तीन बुटके पाय. साताऱ्याच्या एका पाथरवटाने मला घडवले. छिन्नीचे घाव बसताना मी मनातल्या मनात पुष्कळ कुरकुर केली. पण शेवटी त्याने मला पाण्याने धुऊन उन्हात ठेवले, तेव्हा माझे मलाच कौतुक वाटले. बाजारात सुमित्राबाईंनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि दुसरी एकही सहाण न पाहता मला घरी नेले.

त्या घरात मी चाळीस वर्षे राबले. माझ्यावर चंदन उगाळले गेले, सुंठ उगाळली गेली. सुमित्राबाईंची मुले जयदीप आणि विनया तान्ही असताना त्यांची गुटी रोज सकाळी माझ्यावरच तयार होई. मला चमचे आणि ग्रॅम कळत नाहीत. माझे माप वेढ्याचे. ओल्या दगडावर हळकुंड धरून एकदा गोल फिरवले की झाला एक वेढा. दगडावर जेवढे उतरेल तेवढेच घ्यायचे.

माझा सगळ्यात आवडता दिवस दसऱ्यानंतर यायचा. हवेत गारवा आला की सुमित्राबाई कॉफी करायच्या. दूध आटत ठेवायचे, वेलदोडा कुटायचा आणि माझ्यावर जायफळाचे दोन वेढे द्यायचे. त्यांचे यजमान पद्माकरराव दारात उभे राहून तिसरा वेढा मागायचे. "जायफळ आहे ते, खडीसाखर नव्हे," सुमित्राबाई म्हणायच्या. "जास्त झालं की माणूस गुंगतो, छाती धडधडते. दोन म्हणजे दोन." पद्माकरराव दरवर्षी मागायचे आणि दरवर्षी त्यांना नकार मिळायचा. त्यांना तो नकारही आवडत असावा.

मग सुमित्राबाई गेल्या. जयदीपने वडिलांना आपल्याकडे दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणले. मीही भांड्यांच्या खोक्यातून आले. पद्माकररावांनी आल्या आल्या विचारले, "आपली सहाण आली का रे?" जयदीप म्हणाला, "असेल बाबा कुठल्यातरी खोक्यात." आणि त्याच आठवड्यात गॅसच्या शेगडीचा एक पाय मोडला. जयदीप ऑफिसच्या घाईत होता. खोक्यात हात घालून जे लागले ते त्याने शेगडीखाली सरकवले. ती मी होते. तीही पालथी, तोंड ओट्याला टेकलेले. माझी उंची त्या पायाएवढी नेमकी भरली, म्हणून पुन्हा कोणी वाकून पाहिले नाही.

चार वर्षे मी तशीच होते. अंगावर दूध उतू गेले, तेल ओघळले, भांडी घासायच्या साबणाचा फेस सुकला. खरे सांगते, मला राग यायचा. मिक्सर गुरगुरला की जास्तच यायचा. पण दगडाचा राग कोणाला दिसतो?

आता गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट ऐका. पद्माकररावांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. घरी येऊन तीन आठवडे झाले, तरी त्यांची जेवणावरची वासना गेलेलीच होती. त्यातून दिल्लीची धुरकट हवा. नाक इतके चोंदलेले, की खिडकीबाहेरची सप्तपर्णी फुलून सगळी गल्ली दरवळली तरी त्यांना पत्ता नव्हता. ताट तसेच परत यायचे. जयदीप आणि त्याची बायको उत्तरा हळू आवाजात बोलत राहायचे. डॉक्टरांनी अर्धा कप सौम्य कॉफीला हरकत नाही म्हटले होते, पण पद्माकररावांना तीही नको होती.

त्यांची नात मैत्रेयी तेरा वर्षांची. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. तिने फोनवर परदेशातली शरद ऋतूतली मसाल्याची कॉफी पाहिली होती. त्यात दालचिनी, लवंग आणि चक्क भोपळा. तिने आजोबांना ते सांगितले, तेव्हा कितीतरी दिवसांनी ते हसले. "भोपळ्याची भाजी करतात गं," ते म्हणाले. "कॉफीत जायफळ घालतात. तुझी आजी घालायची."

झाले. शनिवारी दुपारी आईबाबा बाजारात गेल्याबरोबर ती स्वयंपाकघरात शिरली. पुण्याच्या विनयाआत्याला तिने आधीच मेसेज टाकला होता. उत्तर आले तसे ती मोठ्याने वाचू लागली.

"दूध आटव. कॉफी, साखर, वेलदोडा घाल. मग दोन... बेढे? वेढे? जायफळ उगाळून घाल." ती थांबली. मीही शेगडीखाली कान टवकारले. विचार, पोरी, विचार. आत्याला फोन कर. आजोबा तर दहा पावलांवर आहेत.

"अच्छा, बडे!" ती स्वतःशीच म्हणाली. "दोन बडे जायफळ, उकाळून. आत्यापण ना, टायपिंग किती चुकते."

माझ्या दगडी अंगात धस्स झाले. उत्तराने दिवाळीसाठी जायफळांची बरणी आणून ठेवली होती. मैत्रेयीने ती ओट्यावर ओतली आणि मन लावून सगळ्यात मोठी दोन निवडली. मिक्सर आधी खडखडला, मग गुरगुरला, आणि दोन अख्ख्या जायफळांची पूड पातेल्यात पडली. दोन वेढे म्हणजे चिमटीलाही येत नाहीत. ज्या घरात मी तिसरा वेढा कधी दिला नाही, त्या घरात माझ्या डोक्यावर शेकडो वेढे उकळत होते, आणि ते पिणार होते नुकतेच हृदयाचे ऑपरेशन झालेले पद्माकरराव.

तिने चमचा चाटून पाहिला आणि तोंड वाकडे केले. मला वाटले, वाचलो. पण तिला कॉफी मुळातच कडू वाटायची. तिने आणखी तीन चमचे साखर घातली. एक कप आजोबांचा, एक स्वतःचा.

"आजोबा, सरप्राइज," ती म्हणाली. पद्माकरराव काठी टेकत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर बसले. "जायफळाची कॉफी. आजीवाली."

त्यांचा चेहरा मला शेगडीखालून दिसत होता. तो उजळला. त्यांनी कप नाकाशी नेला, पण चोंदलेल्या नाकाला काय कळणार? त्यांनी एक घोट घेतला. किंचित थबकले. नातीने केलेल्या कॉफीला नावे ठेवणाऱ्यातले ते नव्हते.

"छान झाली," ते म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.

मित्रांनो, दगड असण्याचे दुःख मला तेव्हा कळले. एवढे सगळे मला ठाऊक होते आणि शेगडीचा पाय होऊन बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. मी सुमित्राबाईंना मनातून हाका मारल्या. कप तिसऱ्यांदा वर गेला.

ओठांपाशी येऊन तो थांबला.

"सहाण कुठे सापडली गं तुला?" पद्माकररावांनी विचारले. "मी चार वर्षं शोधतोय."

"सहाण म्हणजे?"

"अगं, जिच्यावर जायफळ उगाळलंस ती."

"उगाळलं नाही आजोबा, उकाळलं. पातेल्यात." तिने स्वतःचा कप उचलला होता. "मिक्सरमध्ये बारीक करून."

पद्माकररावांनी कप खाली ठेवला. "किती घातलंस?"

"दोन. आत्याने लिहिलंय ना, दोन बडे."

"मैत्रेयी, तो कप खाली ठेव. घोट घेतलास?"

"नाही. फक्त चमचा चाटला. काय झालं?"

"आधी बाबाला फोन लाव."

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. जयदीप आणि उत्तरा धावत आले. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन घोटांनी बहुधा काही होणार नाही, पण नाडीवर लक्ष ठेवा, वेगळे काही वाटले तर लगेच घेऊन या. पद्माकरराव त्याच खुर्चीवर बसून राहिले. मैत्रेयी त्यांचे मनगट धरून जमिनीवर बसली होती आणि ओठ हलवत ठोके मोजत होती. मध्येच एकदा ती म्हणाली, "आजोबा, पूर्ण कप प्यायला असता तर?" मग ती खूप रडली.

बाहेर अंधारून आले तेव्हा नाडी शांत होती. पद्माकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक तुझी एकटीची नाही," ते म्हणाले. "वेढा तुला कधी कोणी दाखवलाच नाही. मी इथेच असतो, मीही नाही दाखवला." मग ते जयदीपकडे वळले. "सहाण शोध. आजच्या आज."

खोकी उपसली गेली, माळा पाहून झाला. शेवटी पातेले उचलताना सांडलेली कॉफी पुसायला मैत्रेयीने शेगडी उचलली. "आजोबा, तीन पाय असलेला दगड असतो का? शेगडीखाली आहे. उलटा."

तिने मला सुलटे केले. चार वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. जयदीप खाली मान घालून उभा राहिला. पद्माकररावांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, अगदी सुमित्राबाईंनी बाजारात फिरवला होता तसा. मी दगड नसते तर रडले असते.

दहा दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, पुन्हा कॉफी झाली. मैत्रेयीने माझ्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. तिच्या हातावर आजोबांनी आपला हात ठेवला आणि जायफळ गोल फिरवले. "एक," ती म्हणाली. "दोन." माझ्या चोचीतून फिकट तपकिरी पाणी दुधात उतरले. पद्माकररावांनी अर्धा कप सगळा संपवला. संध्याकाळी त्यांनी भाकरी मागितली.

शेगडीखाली आता पुठ्ठ्याची घडी आहे. शेगडी थोडी डुगडुगते, पण चालते. मला शेगडीच्या पायाच्या जागी बसवले तेव्हा घराचे काम भागले, आणि वेढ्याच्या जागी बडे बसवले तेव्हा मैत्रेयीचेही भागले, निदान तिला तसे वाटले. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो, घरात एखादी वस्तू किंवा एखादा शब्द ओळखीचा वाटला नाही, तर तो घेऊन घरातल्या मोठ्या माणसांकडे जा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही विचारण्याची वाट पाहू नका.

त्या दिवशी कॉफी झाल्यावर पद्माकरराव दारातल्या खुर्चीवरून म्हणाले, "मैत्रेयी, पुढच्या वेळी एक वेढा जास्त दे की."

"जायफळ आहे ते आजोबा," ती मला धुता धुता म्हणाली. "दोन म्हणजे दोन."