न करपणारं धिरडं

स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी अकोल्याच्या गोवर्धन माळ्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं: कधीच न सुकणारा मोगऱ्याचा गजरा करायचा! मुंबईहून त्यानं पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची पांढरी पावडर आणि तिला मऊ करणारं तेल आणलं. बायको शकुन अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. तिला तर त्याच्याहून जास्त चेव चढला.

परसात चूल पेटली. तेलात कालवलेली पावडर शकुननं जुन्या तव्यावर धिरड्यासारखी पसरली. धिरडं जमलं, पिवळं पडलं, तांबडं झालं आणि काळंठिक्कर होऊन असा झोंबरा धूर सोडू लागलं, की दोघं खोकत विहिरीपाशी पळाली.

"काहून व, घर जाळून राहिले का?" सासू पार्बताबाई ओरडल्या.

"तापलं की यातून आम्ल सुटते, मामीजी!" डोळे पुसता पुसता शकुनला हसू आवरेना. "अन् तेच आम्ल बाकीच्यालेबी नासवते. त्याले धरून ठेवणारं कोनी पायजे."

साबणाच्या पाण्यात तिनं जस्ताचा क्षार ओतला. खाली पांढरा साका बसला. तो धुऊन, वाळवून पावडरीत मिसळला. आता धिरडं पांढरंशुभ्र राहिलं. गोवर्धननं आनंदानं टोपी उडवली. ती खाली येते न येते तोच धिरड्याचा एकदम कोळसा!

"हे का झालं व?" गोवर्धननं विचारलं.

"जस्तानं आम्ल धरलं, पन धरून धरून तेच बिथरलं. त्याच्याकडचं आम्ल काढून घ्याले जोडीदार पायजे. चुना!"

चुन्याच्या निवळीत साबण घालून तिनं दुसरा साका केला आणि दोन्ही मिसळले. धिरडं तव्यावर पडलं. शकुननं श्वास रोखला. पार्बताबाईही पदर नाकाला लावून वाकल्या. पांढरं... अजून पांढरं... चूल विझत आली तरी पांढरंच!

गोवर्धननं बायकोचे हात धरून अशी फुगडी घातली की कोंबड्या कुंपणावर चढल्या. कात्रीनं पाकळ्या कापल्या, गजरा ओवला, पार्बताबाईंनी माळला. मग काढून हुंगला.

"अवं, ह्याले तं साबनाचा वास येते!"

शकुन हसता हसता खालीच बसली. तेवढ्यात कुडावरून शेजारच्या मैनाबाईंनी डोकं काढलं.

"कायचा दंगा व पार्बता?"

"सुनेनं तव्यावर मोगरा भाजला!"

"असं? मंग मले एक लाल भाजून दे म्हना!"

शकुननं पुन्हा चुलीत काड्या सारल्या, आणि गोवर्धन लाल रंग आणायला बाजाराकडे अनवाणीच पळाला.